पैसे नको, कारण सांग

दुकानाच्या काचेवर सवलतीची जी पाटी लागते, ती बहुतेक वेळा खोटी असते. हे मी आजही छातीठोकपणे लिहिते. आधी भाव चढवायचा, मग त्यावर लाल रेघ मारायची, खाली मूळचाच भाव ठळक अक्षरांत लिहायचा, आणि गिऱ्हाइकाने उपकार झाल्यासारखं तोंड करून पैसे द्यायचे, हा धंदा आमच्या जिल्ह्यात राजरोस चालतो. याच विषयावरचं माझं पहिलं पत्रक मी अलिबागच्या स्टँडबाहेर वाटत होते, तेव्हा कुंदामावशी घरत मला भेटल्या.

पत्रक वाटणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. लोक कागद घेतात, चालता चालता घडी घालतात आणि पुढच्या गाडीवर त्यात भजी बांधून घेतात. ही बाई मात्र जागच्या जागी उभी राहिली. साठीची, रुंद खांद्यांची, नऊवारीवर चामड्याची जुनी पिशवी तिरकी लटकवलेली. तिने पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं, मागे छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं, होती तशी घडी घातली आणि मला परत केलं.

"राग चांगला हाय," ती म्हणाली. "पण कारण नाय यात."

"कसलं कारण?"

"भाव पडतो कशाला, त्याचं. तू लिवलंस का दुकानदार चोर हाय. मंग चोर भाव पाडंल कशाला? त्याला काय येड लागलंय?"

माझ्याकडे याचं सविस्तर उत्तर होतं, पण तिची थळची गाडी लागली होती. ती दाराकडे गेली, म्हणाली, "चला, पुढे सरका," आणि आपापसात ढकलाढकली करणारी ती अख्खी गर्दी मुकाट्याने पुढे सरकली. एसटीच्या कंडक्टरकीतून निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते तरी तिच्या आवाजात अजून गाडी होती.

त्याच वर्षी मी ग्राहक संघटनेच्या कामासाठी थळला खोली घेतली आणि ती नेमकी मावशींच्या शेजारी निघाली.

मावशींनी नोकरीभर लाल गाडीत तिकिटं फाडली. अलिबाग–पेण आणि अलिबाग–रेवस, हेच दोन रस्ते. माहेर पेणकडचं, आगरी, बाप मिठागरावर राबलेला. सासर थळचं. यजमान कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना दुपारची झोप आणि वाडीतले नारळ यापलीकडे जगाकडून काही नको होतं. मावशींना मात्र जगाकडून बरंच काही हवं होतं, आणि तेही उतरलेल्या भावात.

त्या चामड्याच्या पिशवीत पूर्वी सुट्टे पैसे खुळखुळायचे. आता तिच्यात हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन असायचं. गेमची नखाएवढी कार्डं बडीशेपेच्या डबीत, तीही बडीशेपेसकट. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक गेमला जेवणानंतरचा वास यायचा. अंगठे तिकिटाच्या मशीनवर तयार झालेले, त्यामुळे बटणं बघावी लागत नसत. आणि खेळायच्या उभ्याने. पडवीच्या खांबाला पाठ टेकवून, पाय जरा फाकवून, गर्दीच्या गाडीत उभं राहावं तसं. गेममधलं वळण आलं की मावशी वळायच्या. डोंगर चढताना पुढे वाकायच्या. जिंकल्या की जिभेने "टिंग टिंग" असा डबल बेलचा आवाज काढायच्या. हरल्या की एकच "टिंग", म्हणजे थांबा. कुणी त्यांच्या आणि उजेडाच्या मध्ये आलं की ठरलेलं, "पुढे सरका, पुढं मोकळं हाय." पडवीत आम्ही दोघीच असलो तरी.

हे वेड लागलं ते गाडीतच. पेणहून येताना कुणाचं तरी असलं मशीन सीटवर राहिलं. मावशींनी ते वर धरून कुणाचं म्हणून विचारलं, कुणी बोललं नाही. ते आपलं चिवचिवत होतं. पिशवीत टाकण्याआधी त्याला गप्प करावं म्हणून त्यांनी एक बटण दाबलं. वरून एक चौकोन पडत होता, तो जागेवर बसला. म्हणून दुसरा बसवला. मग तिसरा येताना दिसला. पोयनाड आलं आणि गेलं. उतरणारी माणसं ओरडायला लागली तेव्हा ड्रायव्हरने गाडी थांबवली, आणि मागे न बघता विचारलं, "काय कंडक्टर, पोयनाड विकलंत का काय?"

मशीन डेपोत जमा झालं, दुसऱ्या दिवशी ज्याचं होतं तो येऊन घेऊन गेला. मावशींना त्याचं काही नव्हतं. "पण माझे गुण पण घेऊन गेला ना तो," असं त्या दर वेळी म्हणायच्या, आणि दर वेळी खरंच हळहळायच्या.

निवृत्तीला डेपोतल्या लोकांनी विचारलं, काय द्यायचं? भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत आहे. मावशी म्हणाल्या, घड्याळ बघूनच नोकरी केली, आता ते नको, तसलं मशीन द्या. लोकांनी वर्गणी काढून अलिबागच्या एका दुकानातून पुऱ्या किमतीत मशीन आणलं. आणि पुढच्याच आठवड्यात तेच मशीन, त्याच काचेत, भलतंच स्वस्त.

माझ्यासारखीने तिथल्या तिथे सभा घेतली असती. मावशी आत गेल्या आणि स्टुलावर बसल्या. दुकानदार घाबरला. फरकाचे पैसे देतो म्हणाला. कव्हर फुकट देतो म्हणाला.

"पैसे नको," मावशी म्हणाल्या. "कारण सांग."

त्याने सांगितलं, स्कीम आहे. मावशी म्हणाल्या, ते नाव झालं. त्याने सांगितलं, वरून आलंय. मावशी म्हणाल्या, वरून पाऊस येतो, भाव कुठून येतो ते सांग. हे असं दुपारचं शटर अर्धं खाली येईपर्यंत चाललं. शेवटी बिचाऱ्याने सगळं सांगितलं. नवीन मॉडेल येतंय. ते आलं की या जुन्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. गोदामवाला म्हणतोय निम्म्यात काढ पण काढ. मावशी उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "मंग असं बोल की. तुझं मीठ विरघळाय लागलंय."

या वाक्याचा अर्थ त्यांनी मला पुढे एकदा पडवीत उलगडून सांगितला. त्यांच्या लहानपणी मे महिन्यात मिठागराच्या बांधावर मिठाची रास उभी असायची. व्यापारी यायचा, बांधावर बसायचा, चहा प्यायचा, घरच्यांची चौकशी करायचा. मिठाचं नाव काढायचा नाही. नुसता आभाळाकडे बघायचा. आभाळ मोकळं असलं की उद्या येतो म्हणून जायचा. आभाळ भरून आलं की मग भाव बोलायचा. मावशींचा बाप मान खाली घालून हो म्हणायचा. मीठ कालच्याइतकंच खारट असायचं, कालच्याइतकंच पांढरं. फक्त विकणाऱ्याला आता आभाळ दिसत असायचं.

मी रागाने लाल झाले. ही सरळसरळ लूट आहे, म्हणाले. मावशी म्हणाल्या, लूट हायच, पण ती कळली पाहिजे ना. स्टुलावरच्या त्या दुपारपासून त्यांनी कुठल्याही दुकानात शिरताना एकच शोध घेतला: याचं आभाळ कुठलं?

आणि ते त्यांना सापडायचं. नवीन मॉडेलची बातमी आली की जुन्याचं आभाळ भरलं. मे संपत आला की शाळा सुरू होणार, मग गेम कोण घेतो? खोका फाटला, आतला माल कोरा असला तरी भाव पडला, कारण भेट देणाऱ्याला खोका लागतो. मावशींना खोका नको असायचा. दहावीचं वर्ष सुरू झालं की पेण-पनवेलचे आईबाप घरातली मशीनं विकायला काढतात. मावशी त्या दिवसांत फोनवर बसून जाहिराती वाचायच्या आणि गालात हसायच्या. जुन्या कार्डांचं गणित तर त्यांना तोंडपाठ होतं. जो गेम खेळून संपतो त्याचं कार्ड बाजारात लगेच येतं आणि पडतं. ज्याचा कंटाळाच येत नाही, ते कुणी विकत नाही, म्हणून त्याचा भाव वर्षानुवर्षं हलत नाही. अशा एका कार्डासाठी त्या कित्येक महिने तिष्ठत होत्या. मी म्हटलं, घेऊन टाका ना. तर म्हणाल्या, "नाय पडत ते. चांगलं हाय ना, त्याला आभाळच नाय." आणि या बोलण्यात तक्रार नव्हती, कौतुक होतं.

त्यांचे अंदाज चुकायचेही. एका जुन्या मशीनचा भाव आणखी पडेल म्हणून थांबल्या, तर कंपनीने ते बनवायचं बंद केलं आणि शौकिनांनी त्याचा भाव दुप्पट करून ठेवला. मावशी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्याची सुकट झाली. ओला मासा दुपारी उतरतो, सुकट पावसाळ्यात चढते, हे मला कसं सुचलं नाय?

खोट्या सवलतीवर मात्र त्यांचा माझ्यापेक्षा जास्त राग होता. दिवाळीत एका दुकानाने भाव चढवून सवलतीची पाटी लावली. मी बाहेर पत्रकं वाटत होते. मावशी आत जाऊन दाराशी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला, थांब्याचं नाव पुकारावं तशा शांत, खणखणीत आवाजात सांगू लागल्या: "मागच्या आठवड्यात हाच भाव होता. पुढे सरका." लोक पुढे सरकत होते, म्हणजे पुढच्या दुकानात जात होते. मालकाने हात जोडले, शिव्या दिल्या, चहा मागवला. मावशींनी चहा घेतला. संध्याकाळच्या आत पाटी उतरली होती. ती उतरवताना मावशींनी स्टूल धरलं, माणूस पडू नये म्हणून.

आणि याच बाईने एकदा मला चकित केलं. अलिबागला किनाऱ्याच्या रस्त्यावर एक तरुण जुने गेम विकायचा. तो टपरी मोडून गावाला चालला होता, मिळेल त्या भावात सगळं देत होता. मला वाटलं, आता मावशींचा सण. तर त्यांनी दोन कार्डं उचलली आणि त्याने महिन्यापूर्वी जो भाव सांगितला होता तोच त्याच्या हातावर ठेवला. वाटेत मी विचारलं, हे काय?

"त्याचं आभाळ खरंच भरलंय गं," मावशी म्हणाल्या. "तिथं बसून चा प्यायचा नसतो."

भाव पडतो तेव्हा तो कुणाच्या तरी अंगावर पडतो, हे वाक्य माझ्या पुढच्या सगळ्या पत्रकांत आहे. ते मी त्या दिवशी टपरीवरून घरी येताना लिहिलं.

आता शिगवण ड्रायव्हरांबद्दल. पोयनाड विकलं का म्हणून विचारणारे तेच. माणगावजवळचे, कुणबी, शेतीवाडी तिकडे आणि नोकरी इकडे. त्यांची आणि मावशींची जोडी डेपोत प्रसिद्ध होती. वर्षानुवर्षं ते पुढे, या मागे. बोलणं सगळं बेलवर. ते त्यांना "कंडक्टर" म्हणायचे, या त्यांना "ड्रायव्हर". नावाने हाक मारलेली कुणी ऐकली नाही. शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे एक जुनी गाडी होती. कार्लेखिंडीच्या उतारावर एक म्हैस आडवी आली, शिगवणांनी तिला वाचवलं आणि गाडीचं डावं चाक चरात गेलं. तेव्हापासून ती गाडी डावीकडे ओढायची. मिस्त्रींनी किती वेळा सरळ केली, आठवड्यात पुन्हा डावीकडे. दुसऱ्या कुणी चालवायला घेतली की घाम फुटायचा. शिगवण मात्र उजव्या अंगावर जरासे झुकून तिला अशी न्यायचे की मागच्या म्हातारीची झोप मोडायची नाही. ती गाडी भंगारात निघाली तेव्हा दोघं रजा टाकून तिला बघायला गेले होते. नवीन गाडी मिळाली. ती सरळ जायची. शिगवण म्हणाले होते, हिच्यात जीव नाय.

निवृत्त झाले आणि साखरेने त्यांचा उजवा पाय घेतला. ॲक्सिलरेटरचा पाय.

मावशी भेटून आल्या त्या दिवशी मशीन पिशवीतून बाहेर निघालं नाही. शिगवणांचं घर माणगावजवळ महामार्गाला लागून, समोर मोठी पडवी. शिगवण पडवीत बसत नव्हते. पडवीतून गाड्या दिसतात. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खाटेवर. बायकोशी बोलत नाहीत, भात पुढ्यात निवतो. मावशींशी दोन शब्द बोलले: आलात, आणि जपून जा. डॉक्टर नकली पाय बसवू म्हणाले, पण त्यासाठी माणसाने उठून बसायला हवं, सराव करायला हवा. त्यांची बायको, म्हणजे वैनी, पदराने डोळे पुसत म्हणाल्या होत्या, त्यांना उठायचंच नाय.

"गाडी पायजे त्याला," मावशी मला म्हणाल्या. "दुसरं काय नाय."

पायाविना चालणारी गाडी मावशींच्या ओळखीची होती. एक मोठ्या पडद्याचं हातातलं मशीन होतं आणि त्याच्यावर बस चालवायचा गेम. त्यात ॲक्सिलरेटर बोटाखाली असतो, ब्रेकही बोटाखाली, आणि स्टिअरिंग म्हणजे अंगठ्याखालची छोटी दांडी. पण ते मशीन महाग होतं. मी म्हटलं, वर्गणी काढू, मी पण घालते, आजच घेऊ. इथे माणूस झिजतोय आणि तुम्ही आभाळ कसलं बघताय? मी जरा जास्तच बोलले असेन, पण माझं म्हणणं तेच होतं.

मावशी चिडल्या नाहीत. त्यांनी शिगवणांचा स्वभाव सांगितला. कुणीही काही आणलं की हा माणूस आधी विचारतो, कितीला? महाग असलं तर घेत नाही. दवाखान्यात कुणीतरी लोकरीचं ब्लँकेट आणलं, ते किंमत ऐकून परत पाठवलं. म्हणाले, पाय गेलाय, अजून भीक मागत नाय. स्वस्त म्हणून खोटं सांगावं, तर मावशींचं खोटं त्यांना कळतं. इतकी वर्षं पाठीमागून आवाज ऐकलेला माणूस. प्रवासी खरंच चढला, का मावशी नुसत्या घाईघाईत बेल मारतायत, हे त्यांना मागे न बघता कळायचं.

"मशीन स्वस्त पण पायजे, आणि का स्वस्त हाय त्याचं खरं कारण पण पायजे," मावशी म्हणाल्या. "त्याशिवाय तो हात लावणार नाय."

म्हणून आम्ही थांबलो. नवीन मॉडेल जूनमध्ये येणार अशी बातमी होती. जुन्याचा भाव उतरायला लागला होता, पण मावशींना पुरेसा वाटत नव्हता. मधल्या काळात त्या दर रविवारी माणगावला जाऊन भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला डेपोतल्या बातम्या सांगून येत होत्या. मे संपत आला. पावसाळ्यात रेवसच्या लाँचचा भरवसा नसतो. पाऊस लागायच्या आधी मावशींनी मला एका सकाळी उठवलं, आणि आम्ही रेवसला जाऊन लाँच पकडली. भाऊच्या धक्क्यापर्यंत मावशी उभ्या होत्या. बसायला जागा होती.

मुंबईत गेम विकणाऱ्यांची एक गल्ली आहे. तिथे सगळ्या दुकानांत तेच मशीन आणि सगळ्यांचं आभाळ भरलेलं. मावशी घाईत नव्हत्या. शेवटी एका अरुंद दुकानातल्या गुजराती म्हाताऱ्या मालकाने कपाटाच्या वरून दोन मशीनं काढली. दोन्ही दाखवायला ठेवलेली, दोन्ही निम्म्याहून स्वस्त. मावशींनी नेहमीचा प्रश्न विचारला. मालकाने आढेवेढे न घेता कारण सांगितलं. एकाच्या पडद्यावर ओरखडा होता, बाकी उत्तम. दुसऱ्याला हात लावायच्या आधीच तो म्हणाला, "आ पीस ना लेता, बेन. हा नका घेऊ. दांडी बिघडली आहे. हात सोडला तरी आपोआप डावीकडे जाते. माणूस वैतागतो."

मावशींनी ओरखड्याचं मशीन खाली ठेवलं. दुसरं हातात घेतलं, बसचा गेम लावायला सांगितला. पडद्यावर रस्ता आला. त्यांनी अंगठा दांडीवरून उचलला. बस हळूहळू, अगदी सभ्यपणे, डावीकडे गेली आणि गवतात थांबली.

 मावशींनी जिभेने आवाज काढला: टिंग टिंग.

"हेच द्या."

मी काउंटरवर हात आपटला असेल. सदोष माल आहे, म्हणाले. ग्राहक म्हणून आपला हक्क आहे, त्याच भावात चांगलं मशीन समोर ठेवलंय, आजारी माणसाला बिघडलेली वस्तू देणार आहात का? मालक माझ्या बाजूने मान हलवत होता. मावशींनी पैसे दिले, बसच्या गेमचं कार्ड बडीशेपेच्या डबीत टाकलं आणि मला म्हणाल्या, पुढे सर. परतीच्या लाँचवर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या उभ्या राहून खेळत होत्या, आणि सारख्या डावीकडच्या गवतात जात होत्या, आणि प्रत्येक वेळी हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी माणगावला गेलो. आतल्या खोलीत अंधार होता. शिगवणांनी मान वळवली नाही. मावशींनी मशीन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"कितीला?"

मावशींनी सांगितलं.

"खोटं."

"नाय."

त्यांनी आता मावशींच्या तोंडाकडे बघितलं. "मंग एवढी स्वस्त का?"

"चालवून बघा. कारण कळंल."

मी दाराशी उभी होते. मशीन भिंतीवर फेकलं जाईल अशी माझी खात्री होती. मावशींनी त्यांची बोटं एकेक करून जागेवर ठेवली, हा गिअर, हा ब्रेक, हा पाय. पाय म्हणताना त्यांचा आवाज बदलला नाही. पडद्यावर गाडी सुरू झाली. शिगवणांनी बोट दाबलं. गाडी निघाली आणि डावीकडे गेली. त्यांनी ओढून रस्त्यावर आणली. पुन्हा डावीकडे. मी डोळे मिटून घेतले.

"वढते," शिगवण म्हणाले. "डावीकडं वढते ही."

"म्हणून स्वस्त."

खोलीत गेमच्या इंजिनाचा बारीक आवाज तेवढा होता. मग मला खाट करकरल्याचं ऐकू आलं. मी डोळे उघडले. शिगवण उठून बसले होते. उजव्या अंगावर जरासे झुकलेले. पडद्यावरची बस पांढऱ्या पट्ट्याला धरून सरळ चालली होती, घाटाच्या वळणावर शिरत होती, आणि त्यांची जीभ दातांत धरलेली होती.

"म्हस वाचवली होती ती," ते म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे. "आपलीच हाय की ही, कंडक्टर."

"मंग. दुसऱ्याची आणंन का?"

वैनी चुलीपुढून उठून आल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या. मावशी त्यांना म्हणाल्या, पुढे सरका, पुढं मोकळं हाय. वैनी हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना थांबता येईना.

जरा वेळाने शिगवणांनी मशीनच्या पाठीला हात लावून बघितला. मे महिना, बंद खोली. मशीन गरम झालं होतं.

"गाडी तापलीय," ते बायकोला म्हणाले. "वाऱ्यावर घेतली पायजे. खुर्ची टाक पडवीत."

मी आणि वैनींनी त्यांना दोन्हीकडून धरून बाहेर नेलं. त्यांनी महामार्गाकडे बघितलं नाही; त्यांना वेळ नव्हता, थांबा जवळ आला होता. मावशी खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. वैनींनी पाट दिला, तो त्यांनी भिंतीला लावून ठेवला.

मी निघाले. मला महाडला पोहोचायचं होतं, तिकडे संघटनेने नवीन काम दिलं होतं, आणि त्यानंतर थळची खोली सुटलीच. मावशींचे फोन येतात. शिगवणांचा नकली पाय बसला, ते सराव करतात, आणि नवीन मशीन घेऊ का विचारलं की रागावतात, हे त्यांच्याकडूनच कळलं. पण त्या दोघांना शेवटचं बघितलं ते त्या दुपारी.

माझी गाडी थांब्यावरून निघाली आणि शिगवणांच्या पडवीसमोरून गेली. ड्रायव्हर ओळखीचा असावा, त्याने हॉर्न दिला. पडवीतल्या कुणी वर बघितलं नाही. रस्ता तिथे अगदी सरळ आहे, लांबपर्यंत सरळ. शिगवण खुर्चीत होते, मावशी मागे उभ्या, एक हात खांबाला, आणि दोघंही एकदमच उजवीकडे झुकली होती.